वनोपजाच्या व्यापारातील काळ, माणसे व निरोप : शहापूर-मुरबाड भागातील एक उदाहरण

व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत काळाचा विचार बहुधा कारखान्याच्या भोंग्यापासून सुरू होतो. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली, तेव्हा कामगाराच्या प्रत्येक हालचालीस किती वेळ लागतो याचे मोजमाप हा त्यांच्या विवेचनाचा पाया होता. या विचारसरणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी, की संस्थेतील सर्व माणसे एकाच घड्याळाने चालतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत चालणाऱ्या वनोपजाच्या व्यापाराकडे पाहिले असता हे गृहीत कोठे अपुरे पडते ते ध्यानात येते.

ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी या जमातींची वस्ती येथील डोंगरपायथ्याच्या पाड्यांतून विखुरलेली आहे. शेती मुख्यतः पावसावरच्या भाताची. कातकऱ्यांपैकी पुष्कळांजवळ तीही नाही, किंवा असली तर नाममात्र. भाताची कापणी आटोपली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. या स्थलांतराचा करार मात्र भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. पावसाळ्यात घरातील धान्य संपते, त्या वेळी मुकादम उचल देतो आणि पुढील मोसमाची मजुरी तेथेच बांधली जाते. मजुरीचा दर कुटुंबाच्या हिताचा नसतो हे कुटुंबालाही ठाऊक असते. तथापि मुकादम नेमक्या वेळी येतो, आणि रोख घेऊन पाड्यावर येतो. व्यवस्थापनाच्या भाषेत बोलायचे, तर त्याने माल महाग विकलेला नाही. वेळ महाग विकलेली आहे. त्याच्याशी स्पर्धा करू पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेला प्रथम या एका गोष्टीत त्याच्या बरोबरीला यावे लागते.

शासनाने हे ओळखले नव्हते असे नाही. १९७२ साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ, १९७६ च्या कायद्यान्वये सुरू झालेली एकाधिकार खरेदी आणि पावसाळ्यातील उपासमारीसाठी दिले जाणारे खावटी कर्ज या सर्वांचा रोख सावकार व व्यापारी यांच्या पकडीवरच होता. खावटीची कल्पना तर काळाच्या दृष्टीने अगदी अचूक म्हणावी लागेल. परंतु कल्पना वेळेवर सुचणे आणि रक्कम वेळेवर पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मंजुरी, तपासणी, वाटप या पायऱ्या कार्यालयाच्या वर्षाप्रमाणे चालतात, आणि कार्यालयाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. भूक श्रावणात लागते.

अलीकडच्या काळात शहापूर येथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. दहा-बारा कातकरी तरुणांनी रानातील गुळवेल गोळा करून स्थानिक बाजारात विकण्यास आरंभ केला. पुढे केंद्र शासनाच्या वनधन योजनेचे साहाय्य मिळाल्यावर या व्यापाराचा विस्तार झाला. ही योजना १४ एप्रिल २०१८ रोजी सुरू झाली. तिच्या रचनेप्रमाणे वीस सभासदांचा एक बचत गट आणि असे पंधरा गट मिळून तीनशे जणांचे एक केंद्र होते. शहापूरची गुळवेल मोठ्या औषधनिर्मात्या कंपन्यांपर्यंत पोहोचली. २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा भोवतालची बहुतेक मजुरी थांबली होती आणि गुळवेलीस मागणी वाढली होती, त्या वेळीही हे काम चालू राहिले.

या व्यापारात तीन काळ एकमेकांशी जुळवावे लागतात. पहिला वेलीचा. गुळवेलीची खोडे तोडून, तुकडे करून आठ-दहा दिवस उन्हात वाळवावी लागतात. वाळताना वजन बरेच घटते, आणि ओल राहिली तर पोत्यात बुरशी येते. दुसरा कंपनीचा. ती एकदम मोठ्या प्रमाणात माल मागते, तपासून घेते आणि पैसे काही आठवड्यांनी देते. तिसरा तोडणाऱ्याचा. त्याला मीठ-मिरची, तेल व तांदूळ आठवड्याच्या बाजारी घ्यायचे असतात, म्हणून सकाळी मोळी दिली तर संध्याकाळी पैसे हवेत. कंपनीच्या काळाने तोडणाऱ्यास चालविले तर तो दुसऱ्याच आठवड्यात व्यापाऱ्याकडे जाईल, नाहीतर भट्टीवर. त्यात त्याचा बेइमानपणा नाही. यास्तव येथे खेळते भांडवल ही केवळ हिशेबाच्या वहीतील बाब राहत नाही. खरेदीदाराचे पैसे येवोत वा न येवोत, तोडणाऱ्यास तत्काळ मोबदला देता येणे, हेच त्याचे मुख्य कार्य होय. वनधन योजनेतून मिळालेल्या रकमेचा खरा उपयोग येथे झाला. इमारत व यंत्रे यांच्या मानाने खेळत्या भांडवलाकडे दुर्लक्ष करण्याची सहकारी संस्थांची जुनी खोड लक्षात घेता हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

माणसे टिकविण्याचा दुसरा मार्ग निरोपाचा. चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ साली असे प्रतिपादिले, की आज्ञेचे सामर्थ्य देणाऱ्याच्या पदात नसते. ऐकणाऱ्याने ती समजून स्वीकारण्यात असते. पाड्यावरील वजनकाट्यापाशी हे विधान अक्षरशः खरे ठरते. 'माल ओला आहे' एवढेच सांगून पोते परत केले, तर वजन मारले गेले असा समज होतो, आणि व्यापाऱ्यांचा पूर्वानुभव पाहता तो समज निराधारही नसतो. ओला व वाळलेला तुकडा हातात देऊन, मोडून दाखवून, भावातील फरक तेथेच सांगितला, तर तोच माणूस पुढच्या खेपेस शेजाऱ्याला समजावतो. लेखी परिपत्रकाचा येथे फारसा उपयोग नाही. शिवाय सांगणारा त्याच जमातीचा असेल तर भाषेचा अडसरही राहत नाही.

तंत्राने हा प्रश्न आपोआप सुटतो असे मानणाऱ्यांनी मुरबाड तालुक्यातील धसई गावाकडे पाहावे. निश्चलनीकरणानंतर, १ डिसेंबर २०१६ रोजी, धसई हे महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले व दुकानदारांना कार्ड चालविण्याची यंत्रे मिळाली. अशा व्यवहारास यंत्राबरोबर वीज, दूरध्वनीची लहर आणि गिऱ्हाइकाच्या खात्यात शिल्लक असावी लागते. रानभाजीची पाटी घेऊन बाजारात बसलेल्या बाईच्या व्यवहारात यांपैकी एक जरी दुवा तुटला तरी सौदा तेथेच मोडतो, कारण तिला परतीच्या गाडीआधी किराणा घ्यायचा असतो.

गुळवेलीच्या व्यापारालाही एक मर्यादा आहे. पावसाच्या चार महिन्यांत वेल जोमाने वाढते, परंतु उन्हात वाळविता येत नाही. म्हणजे ज्या काळात कुटुंबाला पैशाची गरज सर्वांत तीव्र, त्याच काळात संस्थेजवळ देण्याजोगे काम सर्वांत कमी. उन्हाळ्यातील नफ्याचा काही अंश राखून तो आषाढ-श्रावणात सभासदांना आगाऊ द्यावा काय, दिल्यास तो कोणत्या हमीवर, आणि त्या आगाऊ रकमेस उचलीचे रूप येऊ नये म्हणून कोणते बंधन घालावे, हे प्रश्न अशा प्रत्येक संस्थेपुढे उभे राहतात. मुकादम त्याच महिन्यांत पाड्यावर येत असतो.