वारं गेलेल्या माणसाला महिनाभर हलवायचं नाही?

"अंगावरून वारं गेलंय, महिनाभर तरी हलवू नका." पक्षाघाताचा रुग्ण सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून घरी येवो की गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयातून, बघायला येणारे हेच सांगून जातात. घरचे मायेने ऐकतात. जेवण खाटेवर, अंग पुसणं खाटेवर, कूस बदलायची तीही दुसऱ्याने. महिन्याभराने उठवायला जावं तर पाय धरत नाहीत, खांदा आखडलेला, पाठीला जखम झालेली. मग म्हणतात, झटकाच मोठा होता. झटक्यातून जे वाचलं होतं, त्यातलं किती या झोपवून ठेवण्याने गेलं, हे कुणीच विचारत नाही!

पक्षाघातात बिघाड मेंदूत असतो, हातापायांत नाही. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. उरलेला मेंदू ती कामं पुन्हा शिकू शकतो, पण कामं करून पाहिली तरच. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पायाच्या शिरेत गुठळी होते, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो.

"पण घाईने उठवलं तर त्रास होतो ना?" या शंकेत तथ्य आहे. 'अॅव्हर्ट' या 5 देशांतल्या 2104 रुग्णांच्या अभ्यासात (लॅन्सेट, 2015) पहिल्या 24 तासांतच जोरदार हालचाल सुरू केलेल्यांपैकी 46 टक्के तीन महिन्यांनी बऱ्यापैकी स्वावलंबी होते, नेहमीच्या उपचारातले 50 टक्के. हा निष्कर्ष 'झोपवून ठेवा'च्या बाजूने सांगितला जातो तेव्हा मात्र राग येतो. कारण नेहमीच्या उपचारातल्या निम्म्याअधिक रुग्णांनाही पहिल्या दिवसातच उठवलेलं होतं. महिनाभर कुणालाच झोपवलेलं नव्हतं. पुढच्या विश्लेषणात दिसलं ते असं, की थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा उठवणं फायद्याचं. म्हणून पहिला दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि प्रकृती स्थिर झाली की खाटेच्या कडेला बसवणं, आधाराने उभं करणं, खुर्चीत बसून जेवणं.

सुधारणा मोजायची तर 1965 पासून वापरात असलेली बार्थेल मोजणी बघा. शंभर गुण, दहा कामं: जेवणं, आंघोळ, दात घासणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौच आणि लघवीवर ताबा, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना चढणं. सदऱ्याचं बटण लावायला रुग्णाला दहा मिनिटं लागत असतील, तर लागू द्या. आपण झटकन लावून देतो तेव्हा त्याचा त्या दिवसाचा सराव आपणच काढून घेतो. उठवताना मात्र लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि आडवं ठेवून पेज भरवू नका. गिळणं बिघडलेलं असेल तर पातळ पेज श्वासनलिकेत जाते. गिळण्याची तपासणी झाल्यावर, ताठ बसवून, आटवलीसारखं (मऊ शिजवलेल्या भातासारखं) घट्टसर द्यायचं की काय, ते तपासणाऱ्यालाच विचारा.

'महिनाभर हलवू नका'च्या उलट टोकाचा गैरसमज असा, की घरच्यांना दाखवून दिलं की फिजिओथेरपिस्टची गरज संपली. भारतातल्याच 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' अभ्यासात (लॅन्सेट, 2017) नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी करून घेतले. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण या गटात आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात, दोन्हींत 47 टक्के, फरक शून्य. घरच्यांची साथ हवीच, पण तपासणारा, व्यायाम बदलून देणारा जाणकार टाळू नका. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे फेरतपासणीला जात राहा.

असेच आणखी काही समज, आणि त्यांची उत्तरं.

कबुतराचं रक्त चोळणं: त्वचेवर लावलेलं रक्त मेंदूतल्या इजेपर्यंत पोचत नाही, कबुतर मात्र मरतं.

पंख्याचं वारं बाधतं: 'वारं जाणं' हे आजाराचं नाव आहे, कारण नव्हे.

तीन महिन्यांनंतर सुधारणा थांबते: 2006 च्या 'एक्साइट' अभ्यासात झटक्यानंतर 3 ते 9 महिने उलटलेल्या रुग्णांचा चांगला हात बांधून दुबळ्या हाताकडून कामं करून घेतली, आणि तो हात सुधारला.

सकाळपर्यंत वाट बघू: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तोंड वाकडं, हात पडलेला, बोलणं अडखळलेलं दिसलं तर त्याच क्षणी 108 ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते सांगा.