डोंगरवाटेवरचा दीड तास

माउंटन बायकिंगचे प्रकार अनेक आहेत, पण ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली ती फक्त क्रॉस-कंट्रीला. चार ते सहा किलोमीटरचा एक बंद मार्ग आखलेला असतो. त्यात चढ, उतार, दगडधोंडे, झाडांची मुळे आणि जेमतेम एक सायकल जाईल एवढ्या पायवाटा असतात. सगळे स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि ठरलेल्या फेऱ्या मारून जो आधी पोहोचेल तो जिंकतो. वरिष्ठ गटात ही शर्यत सव्वा ते दीड तास चालते. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत शक्ती वाचवता येते आणि संघातले सहकारी आपल्या म्होरक्यासाठी राबतात. डोंगरात या दोन्हींचा उपयोग फार थोडा. इथे ज्याचे त्याने चढायचे आणि ज्याचे त्याने उतरायचे. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1990 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात दुरँगो इथे झाली आणि 1996 मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

कोवळ्या वयाच्या खेळाडूला हा खेळ काय देतो आणि त्याच्याकडून काय मागतो, हे स्वीडनच्या येनी रिस्वेड्सच्या कारकिर्दीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. तिचा जन्म 1994 मध्ये फालुन इथला. तांब्याच्या जुन्या खाणीसाठी आणि बर्फावरच्या खेळांसाठी हे गाव ओळखले जाते. 2016 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या नोव्हे म्येस्तो इथे ती 23 वर्षांखालील गटाची जगज्जेती झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, 20 ऑगस्टला, रिओ ऑलिंपिकच्या शर्यतीसाठी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली. तेव्हा ती 22 वर्षांची होती.

या खेळात वयाचे टप्पे काटेकोर आहेत. 17 आणि 18 वर्षांचे खेळाडू कनिष्ठ गटात, 19 ते 22 वर्षांचे 23 वर्षांखालील गटात आणि त्यापुढचे वरिष्ठ गटात खेळतात. कनिष्ठांच्या शर्यती छोट्या असतात, कारण शरीर अजून घडत असते. ऑलिंपिकमध्ये मात्र अशी गटवारी नाही. तिथे 22 वर्षांच्या मुलीसमोर दहा-पंधरा वर्षे जगभरचे मार्ग पालथे घातलेल्या खेळाडू उभ्या असतात.

शर्यतीचे निम्मे दडपण सुटण्याच्या क्षणी असते. स्पर्धकांना क्रमवारीनुसार रांगांत उभे केले जाते. ज्यांचे गुण जास्त ते पुढे, नवखे मागे. सुरुवातीचा रस्ता रुंद असतो, पण काहीशे मीटरांत तो चिंचोळ्या वाटेत शिरतो आणि तिथे कोंडी होते. मागच्या रांगेतल्या खेळाडूला त्या कोंडीत सायकलवरून उतरावे लागते आणि पुढचे तेवढ्यात निघून जातात. म्हणून पहिली दोन मिनिटे सगळे जीव तोडून पेडल मारतात. दीड तासाच्या शर्यतीत इतक्या लवकर एवढी शक्ती उधळणे वेडेपणाचे वाटेल, पण तो खर्च टाळता येत नाही. रिओतच पुरुषांच्या शर्यतीत रस्त्यावरचा तेव्हाचा जगज्जेता पीटर सागान उतरला होता. डोंगरी शर्यतींतले गुण गाठीशी नसल्याने त्याला अगदी मागे उभे राहावे लागले. पहिल्याच फेरीत तो थेट आघाडीच्या खेळाडूंत पोहोचला. मग टायर पंक्चर झाला, आणि अखेरीस तो 35वा आला.

कनिष्ठ गटातून वर आलेल्या मुलांना हीच गोष्ट सर्वांत जड जाते. गावातल्या, जिल्ह्यातल्या शर्यतीत पहिल्या रांगेत उभे राहण्याची सवय झालेली असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकदम साठाव्या-सत्तराव्या जागेवरून सुटायचे, समोर फक्त पाठी आणि धूळ. जो खेळाडू पहिल्या फेरीतल्या आघाडीवीराच्या वेळेच्या मानाने 80 टक्क्यांहून मागे पडतो, त्याला शर्यतीतून बाहेर काढण्याचा नियम आहे. अनेकांची पहिली मोठी शर्यत अशी अर्ध्यावरच संपते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुढच्या फेऱ्यांच्या वेळी आघाडीच्या खेळाडूंना वाट मोकळी मिळावी, म्हणून हा नियम केलेला आहे.

शर्यतीआधीचे दिवस मार्ग वाचण्यात जातात. खेळाडू सायकल हातात धरून उतारावरून चालत खाली येतात, वळणाशी थांबतात आणि दगड कुठून ओलांडायचा ते ठरवतात. एकाच खडकाळ टप्प्यातून जायला दोन-तीन वाटा असतात. एक सरळ आणि धोक्याची, दुसरी वळसा घालून जाणारी पण सुरक्षित. वळशात दोन सेकंद जातात आणि सहा फेऱ्यांत त्यांचे बारा होतात. पण दमलेल्या शरीराने शेवटच्या फेरीत सरळ वाट धरून कोणी पडले, तर त्या बारा सेकंदांना काही अर्थ उरत नाही. कोणत्या फेरीत कोणती वाट धरायची, हे ताज्या दमाने ठरवून ठेवावे लागते, कारण नाडी कमाल वेगाच्या नव्वद टक्क्यांवर धावत असताना विचार नीट होत नाही. पाहणीतला तपशील निसटला की काय होते, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसले. इझूच्या मार्गावर एका मोठ्या खडकाखाली सरावाच्या वेळी लाकडी उतरण लावलेली होती. शर्यतीत ती नव्हती. मॅथ्यू व्हान डर पूलसारखा निष्णात खेळाडू ती आहे असे धरून चालला आणि पहिल्याच फेरीत पुढच्या चाकावरून उलटा पडला.

उताराचे तंत्र बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेत चटकन भरत नाही. खेळाडू सीटवर बसत नाही, पेडलवर उभा राहतो. गुडघे आणि कोपरे सैल असतात. हँडल धरलेल्या हातांचे एकेक बोटच ब्रेकवर असते. नजर चाकासमोरच्या दगडावर नसते, ती चार-पाच मीटर पुढे असते. दगडाकडे पाहिले की सायकल दगडाकडेच जाते, हे या खेळातल्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. वळणात शिरण्याआधीच वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेले चाक मातीवरची पकड सोडते.

सायकलचा हिशेब वेगळाच. 29 इंची चाके, पुढे-मागे धक्के पचवणारे सस्पेन्शन, पुढे एकच आणि मागे बारा दातेरी चकत्या, उतारावर बटण दाबून खाली घेता येणारी सीट. इतके सगळे असूनही वजन साधारण दहा-अकरा किलो. टायरमध्ये ट्यूब नसते. त्याऐवजी आत एक पातळ द्रव असतो, तो बारीक छिद्रे आपोआप बुजवतो. हवेचा दाब किती ठेवायचा यावर तर शर्यतीच्या सकाळपर्यंत खल चालतो. हवा कमी भरली तर टायर मुळांवर आणि ओल्या दगडांवर चिकटून राहतो, पण धारदार दगडावर आपटून फाटतो. जास्त भरली तर फाटत नाही, पण सायकल चेंडूसारखी उडते.

बाहेरची मदत फक्त ठरवून दिलेल्या पट्ट्यातच मिळते. पाण्याची बाटली तिथेच हातात घ्यायची, चाक तिथेच बदलायचे. त्या पट्ट्यापासून लांब टायर फुटला तर तसेच रखडत तिथवर यायचे. हा पट्टा मुख्य वाटेला समांतर असतो, म्हणून ज्याला काही घ्यायचे नाही त्याने त्यात शिरू नये असा नियम आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची हेली बॅटन काही न घेता त्या पट्ट्यातून गेली आणि तिला 500 स्विस फ्रँक दंड झाला. त्या शर्यतीत तिसऱ्या आलेल्या खेळाडूपेक्षा ती अवघी पाच सेकंद पुढे होती. ती तिसरी खेळाडू म्हणजे रिस्वेड्स. पण तिथवरची तिची वाट सरळ नव्हती.

रिओच्या शर्यतीत रिस्वेड्स सुरुवातीपासून पुढच्या गटात टिकून राहिली. अखेरच्या टप्प्यात पोलंडची अनुभवी माया व्वोश्चोव्स्का तिच्या बरोबरीने होती. चढावर रिस्वेड्सने वेग वाढवला, अंतर पडले आणि ती 37 सेकंदांनी जिंकली. कॅनडाच्या कॅथरिन पेंड्रेलला कांस्य मिळाले. दुसऱ्या दिवशी पुरुषांचे सुवर्ण स्वित्झर्लंडच्या नीनो शुर्टरने मिळवले, आणि तो तिच्याच व्यावसायिक संघातला होता. महिलांच्या या ऑलिंपिक शर्यतीत रिस्वेड्सइतक्या लहान वयात सुवर्ण जिंकणारी खेळाडू तोवर झाली नव्हती.

इथून पुढे जे घडले ते तरुण खेळाडूंच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. 22 व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण मिळाले की पुढची प्रत्येक शर्यत हरण्याचीच उरते. दुसरी आली तरी लोक विचारतात, काय बिघडले? रिस्वेड्सच्या वाट्याला हे आलेच. त्यात 2017 मध्ये घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मृत्यूचा धक्का बसला. तिला नैराश्याने घेरले. तिने शर्यती सोडल्या आणि संघापासूनही ती वेगळी झाली. पाय मोडला तर क्ष-किरणात दिसतो आणि सगळे विश्रांती देतात. मनाचे तसे नसते. ती याबद्दल जाहीरपणे बोलली, हे तिच्या पदकाइतकेच महत्त्वाचे मानायला हवे. सतत सहन करण्यालाच शौर्य समजणाऱ्या या खेळात असे बोलणारे तेव्हा फार थोडे होते.

ती परतली तेव्हा स्वतःचा छोटा संघ घेऊन. त्याचे नाव टीम 31. संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये मंजूर केलेल्या बालहक्क करारातले 31 वे कलम प्रत्येक मुलाला विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि खेळण्याचा हक्क देते. संघाचे नाव त्या कलमावरून आले. भारतानेही 1992 मध्ये हा करार स्वीकारला आहे. पदके मोजणाऱ्या व्यावसायिक खेळात विश्रांती आणि निखळ खेळण्याचा आनंद यांना झेंड्यावर स्थान देणे ही साधी गोष्ट नाही. शरीरशास्त्रही हेच सांगते. सरावाने स्नायू थकतात, त्यांची वाढ विश्रांतीत होते. वाढत्या वयात अतिसराव झाला, तर झोप बिघडते, सकाळची नाडी चढी राहते, मुलींची पाळी थांबते, हाडे कमजोर होतात. प्रशिक्षकाच्या वहीत विश्रांतीचा दिवस रिकामा दिसतो, पण कामाचा भाग तोही आहेच.

ऑगस्ट 2019 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेन्झरहायडे इथे रिस्वेड्सने पुन्हा विश्वचषकाची शर्यत जिंकली. टोकियोत तिला पदक मिळाले नाही. पॅरिसची शर्यत 28 जुलै 2024 रोजी एलांकूरच्या टेकडीवर झाली. एकेकाळी दगडाची खाण असलेली आणि नंतर कचऱ्याच्या भरावाने उंच झालेली ही 231 मीटरची टेकडी पॅरिस परिसरातली सर्वांत उंच जागा आहे. फ्रान्सची पोलिन फेराँ-प्रेवो सुरुवातीलाच निसटली आणि जवळजवळ तीन मिनिटांनी जिंकली. खरी चुरस मागे होती. नेदरलँड्सची पुक पीटर्से दुसऱ्या जागेवर असताना तिचा टायर पंक्चर झाला आणि ती चौथी आली. शेवटी बॅटनला रौप्य आणि रिस्वेड्सला कांस्य मिळाले. सुवर्णानंतर आठ वर्षांनी आलेले हे कांस्य होते. मग 2025 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्राँ-मोंताना इथे, वयाच्या 31 व्या वर्षी, ती वरिष्ठ गटाची जगज्जेती झाली.

भारतात हा खेळ अजून बाळसे धरतो आहे. राष्ट्रीय स्पर्धा होतात, हिमाचलात डोंगरी शर्यती होतात, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये केरळातल्या पोनमुडी इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्रीत मात्र भारतीय खेळाडू आजवर एकदाही उतरलेला नाही. सह्याद्रीत या खेळाला लागणारे सगळे आहे. चढ आहेत, घसरडा मुरूम आहे, पावसाळ्यात शेवाळलेले कातळ आहेत. ज्या घरातले मूल सायकल घेऊन टेकडीवर जाऊ लागले असेल, त्या घरच्यांनी आधी चांगले हेल्मेट आणि हातमोजे घ्यावेत, महागडी सायकल नंतर. ब्रेक दर आठवड्याला तपासावेत, पहिली दोन-तीन वर्षे निकालाचा कागद मागू नये आणि आठवड्यातला सुट्टीचा दिवस कुठल्याही शर्यतीसाठी मोडू देऊ नये.