द्राक्षांच्या वाटेवर – 6 : बरोसाच्या जुन्या वेली कुणी राखल्या?

अ‍ॅडलेडहून ईशान्येकडे निघून गॉलर मागे टाकले की थोड्याच वेळात बरोसा खोरे सुरू होते. लिंडॉक, टनुंडा, नुरिउट्पा, अँगस्टन ही गावे जवळजवळ आहेत आणि मधल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा. प्रवासी इथे येतात ते वाइन चाखायला, पण या खोऱ्यातली खरी दुर्मीळ गोष्ट बाटलीत नाही, जमिनीवर उभी आहे. टनुंडाजवळ लँगमाइलच्या बागेत 1843 साली लावलेल्या शिराझच्या वेली आजही घड देतात. मांडीएवढे जाड, पीळ पडलेले खोड, सुटत चाललेली साल आणि वर मोजकेच फुटवे. शेजारच्या टर्की फ्लॅटमधल्या वेली 1847 च्या आहेत. फळ देणाऱ्या इतक्या जुन्या वेली फ्रान्समध्येही क्वचितच सापडतील. इथली माती, इथले ऊन आणि सायलेशियाहून आलेल्या जर्मन लुथरन शेतकऱ्यांची निष्ठा यांमुळे त्या टिकल्या, असे पर्यटकांना सांगितले जाते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. या वेली दोनदा मरणाच्या दारात होत्या. पहिल्यांदा त्यांना कायद्याने वाचवले आणि दुसऱ्यांदा सरकार स्वतःच त्या उपटायला पैसे देत असताना मूठभर माणसांनी.

पहिले संकट फिलॉक्सेराचे. उत्तर अमेरिकेतला हा मूळ शोषणारा कीटक मिलिमीटरभराचाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो युरोपात पोहोचला आणि फ्रान्सच्या बहुतेक बागा त्याने संपवल्या. उपाय सापडला तो कलमाचा: कीड सोसणारा अमेरिकी खुंट खाली आणि युरोपीय जात वर. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला खुंटाचे महत्त्व सांगायला नको. आपल्याकडे डॉगरिज खुंट आला तो मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षार यांवर उपाय म्हणून, पण वर एक आणि खाली दुसरे झाड ही रीत तीच. बरोसाच्या जुन्या वेली मात्र स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. द्राक्षलागवडीचा पुरस्कर्ता जेम्स बसबी याने 1831 मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये फिरून जमवलेल्या काड्या 1832 मध्ये ऑस्ट्रेलियाला रवाना केल्या. युरोपातल्या ज्या बागांतून अशा काड्या आल्या, त्या पुढे किडीने खाल्ल्या. त्यांचे जुने वाण इथे जिवंत राहिले.

यावर कोणी म्हणेल, ऑस्ट्रेलिया जगापासून लांब, तेव्हा कीड पोहोचली नाही यात नवल ते काय? पण ती पोहोचली होती. 1877 मध्ये व्हिक्टोरियातल्या गिलाँगला फिलॉक्सेरा सापडला आणि तिथल्या बागा सरकारी हुकमाने उपटल्या गेल्या. न्यू साउथ वेल्सलाही लागण झाली. मेलबर्न ते अ‍ॅडलेड अंतर सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये समुद्र नाही की हिमालय नाही. बुटाला लागलेल्या मातीतून, गाडीच्या चाकातून, द्राक्षाच्या क्रेटमधून हा कीटक सहज प्रवास करतो. 2006 मध्ये तो मेलबर्नजवळच्या यारा खोऱ्यात निघालाच. म्हणजे अंतर पुरेसे नव्हते. दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1899 मध्ये फिलॉक्सेरा कायदा केला, मंडळ नेमले आणि बागायतदारांच्या वर्गणीतून ते चालवले. वेली, काड्या, द्राक्षे, वापरलेली अवजारे राज्यात आणण्यावर बंधने घातली. आजही व्हिक्टोरियाकडून स्टर्ट महामार्गाने येताना यांबाच्या नाक्यावर गाडी थांबवून फळे काढून घेतात. यात फळमाशीचाही बंदोबस्त असतो. बागेत शिरण्याआधी बूट दोन टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात पूर्ण मिनिटभर बुडवायचे असतात. सव्वाशे वर्षे असा कंटाळवाणा काटेकोरपणा पाळला गेला म्हणून हे राज्य अजून फिलॉक्सेरामुक्त आहे.

दुसरे संकट किडीचे नव्हते, म्हणूनच ते अधिक बोलके आहे. 1970 च्या दशकाच्या शेवटी लाल द्राक्षांना उठाव राहिला नाही आणि गिऱ्हाईक पांढऱ्या वाइनकडे वळले. पीटर लेहमन हे तेव्हा सॉल्ट्रम वाइनरीत होते. मालक कंपनीने शेतकऱ्यांची द्राक्षे घेऊ नयेत असे फर्मावले. लेहमन यांनी शेतकऱ्यांना शब्द दिलेला होता. त्यांनी नोकरी सोडली, कर्ज काढून नवी वाइनरी उभारली आणि माल उचलला. पुढे 1980 च्या दशकाच्या मध्यावर सरकारने वेली उपटणाऱ्याला अनुदान देण्याची योजना आणली. कमी उत्पन्न देणाऱ्या, पाण्याविना वाढलेल्या जुन्या बागा आधी गेल्या, कारण हिशेब टनांचा होता. त्याच काळात रॉकफर्ड वाइनरीचे रॉबर्ट ओ'कॅलाघन आणि चार्ल्स मेल्टन यांच्यासारखे छोटे वाइनकार त्याच जुन्या वेलींची शिराझ आणि ग्रेनाश द्राक्षे बरा भाव देऊन विकत घेत होते. बागा वाचल्या त्या अशा खरेदीदारांमुळे. खोऱ्यातल्या माणसांची ही वृत्ती रस्त्यावरही दिसते. सेपेल्ट्सफील्डच्या वाटेवरच्या खजुरांच्या लांबच लांब रांगा 1930 च्या महामंदीत लावलेल्या आहेत. वाइनरीत काम नव्हते तेव्हा कामगारांना घरी न बसवता त्यांना ही झाडे लावायला दिली गेली.

अर्थशास्त्र जाणणारा वाचक इथे अडेल आणि त्याचा आक्षेप खरा आहे. माल जादा झाला तर बाग कमी करणे हा शहाणपणाच, भावनेपोटी तोट्यातली वेल कोण पोसणार? शिवाय वेल म्हातारी म्हणून वाइन चांगली, हा दावाही छातीठोकपणे करता येत नाही. चव जमिनीवर, छाटणीवर आणि बनवणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असते. हे सगळे मान्य करूनही योजनेतला दोष राहतोच. नवी बाग उपटली तर भाव चढल्यावर चार वर्षांत ती पुन्हा उभी करता येते. शंभर वर्षांची वेल उपटली तर ती शंभर वर्षांनीच परत मिळते. जे पुन्हा निर्माण होऊ शकत नाही त्याला, जे होऊ शकते त्याच दराने मोजणे ही हिशेबाचीच चूक आहे. बाजाराने पुढे तेच दाखवून दिले. ईडन व्हॅलीतल्या हेन्श्के घराण्याची हिल ऑफ ग्रेस 1860 च्या सुमारास लावलेल्या वेलींची, आणि ती ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत महाग वाइन्सपैकी एक आहे. 2009 मध्ये बरोसाने वेलींच्या वयाची सनद ठरवली: पस्तीस, सत्तर, शंभर आणि सव्वाशे वर्षे असे चार टप्पे. 2012 मध्ये राज्याने आणखी एक कायदा करून अ‍ॅडलेडच्या वाढत्या वस्तीपासून या शेतजमिनीला संरक्षण दिले.

वेली उपटल्या जाण्याचा धोका मात्र संपलेला नाही. चीनने 2021 मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनवर दोनशे टक्क्यांच्या पुढे जाणारे शुल्क लादले, ते मार्च 2024 मध्ये उठले. पण लाल वाइनचा साठा तुंबला, राज्याच्या रिव्हरलँड भागातल्या बागायतदाराला उत्पादनखर्चही सुटेना आणि वेली उपटण्याची भाषा पुन्हा सुरू झाली. तशी योजना आली तर निदान सनदेतल्या वेली वगळूनच यावी.

मेलबर्नला राहणारी कितीतरी मराठी कुटुंबे सुट्टीत गाडी काढून या बाजूला येतात. त्यांना एकच विनंती. यारा खोऱ्यातल्या बागेत घातलेले बूट स्वच्छ धुऊन मगच बरोसात घाला, नाक्याआधी द्राक्षे संपवा आणि वेलींच्या ओळींत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.