लंडनमधील नवें बिऱ्हाड आणि इंटरनेटची तार

परदेशीं बिऱ्हाड थाटणाऱ्या मनुष्यास पूर्वीं तीन गोष्टींची विवंचना असे : निवारा, अन्न आणि टपाल. टपालाची ती जागा आतां इंटरनेटनें घेतली आहे. पुण्याहून अथवा नागपुराहून लंडनला गेलेला विद्यार्थी असो, नोकरदार असो, वा नवें जोडपें असो, आईवडिलांचें दर्शन, कचेरीचें काम, बँकेचा व्यवहार आणि मुलांचा अभ्यास या सर्व गोष्टी त्या एका तारेवर अवलंबून असतात. असें असूनही घरभाड्याच्या करारनाम्याचा प्रत्येक शब्द वाचणारा मनुष्य इंटरनेटचा करार मात्र जाहिरातींतील एक मोठा आंकडा पाहून करून टाकतो, आणि पुढें वर्ष-दीड वर्ष त्याची किंमत मोजीत बसतो.

याचें कारण संवयींत आहे. महाराष्ट्रांतील शहरांत ही सेवा बहुधा महिन्याच्या हिशेबानें घेतां येते. पैसे भरले कीं चालू, न भरले कीं बंद, असा तो सुटसुटीत मामला असतो. लंडनांत व्यवहाराचा पायाच निराळा आहे. तेथें ग्राहक केवळ वेग विकत घेत नाहीं. एका ठराविक पत्त्यावर, एका ठराविक मुदतीपर्यंत, एक तार वापरण्याचें व तिचें भाडें देण्याचें वचन तो देत असतो. म्हणून तेथें विचाराचा क्रम असा असावा : आधीं पत्ता, मग मुदत आणि शेवटीं वेग.

प्रथम पत्त्याचा विचार करूं. कंपन्यांचीं नांवें अनेक असलीं, तरी जमिनीखालील तारांचीं जाळीं त्या मानानें थोडीं आहेत. त्यांपैकीं सर्वांत विस्तृत जाळें ओपनरीच या संस्थेचें असून ती बी.टी. समूहांतील आहे. बी.टी., स्काय, टॉकटॉक अशा अनेक कंपन्या याच जाळ्यावरून सेवा विकतात; म्हणजे दुकानें निराळीं, पण गोदाम एकच. व्हर्जिन मीडियाचें केबलचें जाळें स्वतंत्र आहे. त्याखेरीज हायपरऑप्टिक, कम्युनिटी फायबर यांसारख्या कंपन्यांनीं लंडनमधील मोठमोठ्या इमारतींपर्यंत व कांहीं वस्त्यांपर्यंत आपआपले काचतंतु नेले. परिणाम असा कीं, रस्त्याच्या एका बाजूस चार पर्याय आणि समोरच्या बाजूस एकच, असा प्रकार तेथें सहज आढळतो.

घरापर्यंत येणारी तार मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारांत रस्त्यावरील हिरव्या पेटीपर्यंत काचतंतु येतो आणि पेटीपासून घरापर्यंत टेलिफोनची जुनी तांब्याची तार असते. तिचा वेग फार तर सेकंदास ८० मेगाबिटच्या घरांत जातो, आणि पेटीपासून घर जितकें दूर, तितका तो घटत जातो. कारण तांब्यांतून जाणारा संकेत अंतराबरोबर क्षीण होतो. दुसरा प्रकार दूरदर्शनसाठीं टाकलेल्या केबलचा. हिच्यांतून येणारा वेग पुष्कळच अधिक असतो. घरांतून बाहेर जाणारा वेग मात्र त्या मानानें बराच कमी असतो. तिसरा प्रकार म्हणजे थेट घरांत येणारा काचतंतु. यांतून प्रकाशाच्या स्पंदांनीं माहिती वाहत असल्यानें पेटीपासूनच्या अंतराची अडचण उरत नाहीं, आणि सेकंदास १००० मेगाबिट वा त्याहूनही अधिक वेग मिळूं शकतो.

येथें शब्दांचा एक सापळा होता. पहिल्या प्रकारांतही वाटेंत काचतंतु असल्यामुळें त्यासही वर्षानुवर्षें ‘फायबर’ म्हणूनच विकलें जाई. ऑफकॉम या ब्रिटनच्या दळणवळण-नियामक संस्थेनें १६ सप्टेंबर २०२४ पासून असा दंडक घातला कीं, काचतंतु थेट घरापर्यंत येत असेल तरच कंपनीनें ग्राहकास आपली सेवा नुसत्या ‘फायबर’ या नांवानें सांगावी. तरीही घरमालकाच्या अथवा दलालाच्या तोंडी तो शब्द जुन्या ऐसपैस अर्थानें येऊं शकतो. म्हणून भाड्याची जागा पसंत करण्यापूर्वींच तिचा पोस्टकोड व घरक्रमांक ऑफकॉमच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, म्हणजे त्या पत्त्यावर काय मिळतें तें कळतें. नवी तार आंत आणावयाची असल्यास भिंतीस भोंक पाडावें लागतें. त्यासाठीं घरमालकाची, व पुष्कळदां संपूर्ण इमारतीच्या मालकाची, संमति लागते. ती मिळण्यांत आठवडेच्या आठवडे जाऊं शकतात. विद्यार्थी-वसतिगृहांत मात्र इंटरनेट बहुधा भाड्यांतच समाविष्ट असतें. तेथें वेगळा करार करणें म्हणजे एकाच वस्तूचे दोनदां पैसे देणें होय.

आतां मुदतीकडे वळूं. कराराची मुदत १२, १८ अथवा २४ महिन्यांची असते आणि मासिक दर जितका स्वस्त, तितकी मुदत बहुधा लांब. याच ठिकाणीं नवागत फसतो. इंग्लंडांतील एम.एस्‌सी.चा अभ्यासक्रम सामान्यतः एक वर्षाचा असतो. समजा, एका विद्यार्थ्यानें दरमहा ३० पौंडांचा २४ महिन्यांचा करार केला आणि १२ महिन्यांनीं तो स्वदेशीं परतला. उरलेल्या १२ महिन्यांचे ३६० पौंड होतात. कंपनी त्यांतून कांहीं वजावट करते हें खरें; पण उरणारी रक्कमही विद्यार्थ्याच्या खिशास जड जाणारीच असते. शहरांतल्या शहरांत जागा बदलली तरी हा प्रश्न सुटत नाहीं. नव्या पत्त्यावर त्या कंपनीची तार पोंचत नसेल, तर करार मोडण्याचें शुल्क अंगावर येऊं शकतें. तेव्हां इंटरनेटचा करार घरभाड्याच्या करारापेक्षां लांब असूं नये, हा साधा नियम पुष्कळ मनस्ताप वांचवितो. कांहीं कंपन्या महिन्यामहिन्यानें चालणारा करारही देतात. त्याचा दर चढा असतो; परंतु ज्याचा मुक्कामच अनिश्चित, त्यास तोच अखेरीस स्वस्त पडतो.

दराविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पूर्वीं करार चालू असतांना महागाईच्या निर्देशांकावरून दर वाढविले जात, आणि ती वाढ किती होईल हें ग्राहकास आधीं कळत नसे. १७ जानेवारी २०२५ पासून होणाऱ्या नव्या करारांत अशा वाढीस मनाई झाली. वाढ करावयाचीच असेल तर ती किती पौंड-पेन्सची व केव्हांपासून, हें प्रथमच स्पष्ट सांगावें लागतें. अर्थात् वाढ बंद झाली नाहीं, ती उघड झाली. म्हणून पहिल्या महिन्याचा दर न पाहतां, सर्व मुदतीची बेरीज करून पाहावी.

नवागतापुढें आणखी एक अडचण असते ती पतीची. करार करतांना कंपन्या बहुधा ग्राहकाची पत तपासतात. भारतांत कर्जाचा हप्ता कधीं चुकविला नसला, तरी त्या सचोटीची नोंद ब्रिटनच्या दप्तरीं नसते. स्थानिक बँकेंतील खातेंही पहिल्या आठवड्यांत असतेंच असें नाहीं. अशा वेळीं मोबाईलच्या जाळ्याचा आधार घेणें शहाणपणाचें. आगाऊ पैसे भरून मिळणाऱ्या सिम-कार्डास पतीची तपासणी लागत नाहीं. फोनवरूनच संगणकास जोडणी देऊन पहिले कांहीं दिवस निभावतां येतात. याहून कायमची सोय म्हणजे सिम-कार्डावर चालणारा ४जी वा ५जी राउटर. त्यास तार नको, भिंतीस भोंक नको, कारागिराची वाट पाहणें नको. जागा बदलली तरी तो पिशवींत घालून नेतां येतो. मात्र त्याचा वेग जवळच्या मनोऱ्यावर, खिडकीच्या दिशेवर आणि त्या वेळच्या गर्दीवर अवलंबून असतो. त्यासाठीं आधीं त्याच कंपनीचें साधें सिम-कार्ड घेऊन घरांत, विशेषतः रात्रीं ८ ते १० या गर्दीच्या वेळांत, वेग पाहून घ्यावा.

शेवटीं वेग. येथें अंथरूण पाहून पाय पसरावे हेंच खरें. आठ मेगाबिट मिळून एक मेगाबाइट होतो. म्हणून ८० मेगाबिट म्हणजे सेकंदास १० मेगाबाइट. पडद्यावरील संभाषणास थोडेच मेगाबिट पुरतात. दोघां-तिघांच्या कुटुंबास हजार मेगाबिटची गरज सहसा पडत नाहीं. घरून काम करणाऱ्यानें मात्र बाहेर जाणाऱ्या वेगाचा आंकडा अवश्य विचारावा. कारण आपला चेहरा व आवाज पलीकडे पोंचतो तो त्याच वाटेनें. जाहिरातींतील वेग हा सरासरीचा असतो. मे २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणें तो गर्दीच्या वेळीं निदान निम्म्या ग्राहकांस मिळावा लागतो. म्हणजे उरलेल्यांच्या वांट्यास त्याहून कमी येणें नियमास धरूनच आहे. यासाठीं आपल्या पत्त्यापुरता हमीचा किमान वेग किती, हें विचारून तें लेखीं घ्यावें. ऑफकॉमची वेगविषयक आचारसंहिता स्वीकारलेल्या कंपनीचा वेग त्या हमीखालीं गेला व तक्रारीनंतर ३० दिवसांत तो सुधारला नाहीं, तर ग्राहकास दंडाविना करार सोडतां येतो. तक्रार करण्यापूर्वीं मात्र राउटरला तारेनें संगणक जोडून वेग मोजावा. लंडनमधील जुन्या घरांच्या जाड विटांच्या भिंतींत वाय-फाय अडखळतें, आणि दोष भिंतीचा असतांना बोल तारेस लागतो.

इतकी दक्षता घेऊनही चूक झालीच, तर कायदा व नियम कांहींसे साह्यास येतात. फोनवरून अथवा संकेतस्थळावरून केलेला करार सामान्यतः १४ दिवसांच्या आंत रद्द करतां येतो. तोंवर सेवा वापरली असल्यास तेवढ्यापुरतेच पैसे द्यावे लागतात. १ एप्रिल २०१९ पासून सुरू झालेल्या योजनेंत सामील असलेल्या कंपन्यांनीं सेवा सुरू करण्यास विलंब केला, कारागीर ठरल्या वेळीं आला नाहीं, किंवा बंद पडलेली सेवा वेळेंत दुरुस्त झाली नाहीं, तर ग्राहकानें न मागतांही भरपाई द्यावयाची असते. १२ सप्टेंबर २०२४ पासून कंपनी बदलणेंही सोपें झालें : नव्या कंपनीस कळविलें कीं जुनीशीं बोलणें तीच करते.

भारतांत रात्रीचे ८ वाजतात तेव्हां लंडनांत हिवाळ्यांत दुपारचे २॥ आणि उन्हाळ्यांत ३॥ वाजलेले असतात. त्या घटकेस दूरच्या घरीं कोणी तरी पडद्यासमोर वाट पाहत बसलेलें असतें. त्या भेटींत खंड पडूं नये यासाठीं सर्वांत मोठा आंकडा लागत नाहीं. किल्ल्या हातीं घेण्यापूर्वीं पत्ता तपासणें, सही करण्यापूर्वीं मुदत मोजणें, आणि वेग आपल्या गरजेपुरता घेणें, एवढें केलें कीं नव्या बिऱ्हाडांतील पहिली खिडकी स्वदेशाकडे उघडते.