हरवलेलं वऱ्हाड

सकाळी ९
मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती आम्ही दोघं एक्सएमएलमध्ये आणून तिची वेबसाइट बांधतोय. शब्द संपादक बाईंकडे, पानं माझ्याकडे. डेटाबेस बेसएक्स, जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात जन्मलेला. कोशाची नोंद म्हणजे झाड असतं: शीर्षशब्द, त्याचं व्याकरण, अर्थ, अर्थांच्या पोटात उपअर्थ. तक्त्याच्या रकान्यांत कोंबायची तर आधी ती मोडावी लागते. इथे जशी आहे तशी राहते.

९.४५
नोंदीचं कार्ड काल अर्धं राहिलं होतं. एक्सक्वेरीतलं एक फंक्शन नोंद घेतं आणि एचटीएमएलचा तुकडा परत देतं. टॅग सरळ लिहायचे, मजकूर हवा तिथे महिरपी कंस उघडायचा. डेटा झाड, पानही झाड, मध्ये वेगळी टेम्प्लेट-भाषा नाही. या भाषेत माझा जीव गुंतला तो यामुळेच. मथळा, शोधपेटी, कार्ड, तळपट्टी यांची मॉड्यूल्स वेगवेगळी, आणि त्यांना एकत्र घेऊन पान उभं करणारं एक ‘सांगाडा’ फंक्शन. पानाचा पत्ता रेस्टएक्सक्यूने ठरतो: फंक्शनच्या डोक्यावर टक्क्याचं चिन्ह देऊन मार्ग लिहिला, की त्या मार्गावरच्या मागणीला तेच फंक्शन उत्तर देतं.

११.१०
बाईंचा फोन. “अहो, वऱ्हाड सापडत नाहीये. छापील पान माझ्यासमोर उघडं आहे!”

शोधलं. शून्य निकाल. एक्सएमएलची फाइल उघडली, तर नोंद जागेवर. दोन्ही शब्द शेजारी ठेवले, डोळ्यांना अगदी सारखे. मग प्रत्येक अक्षराचा युनिकोड आकडा काढला. मी टाइप केलेल्या शब्दात ‘व’नंतर २३५३, २३८१. फाइलमधल्या शब्दात २३५२, २३८१, ८२०५. म्हणजे माझा ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त. फाइलमध्ये साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. अर्धा र दोन्हीकडे तसाच दिसतो, पण मशीनला ते दोन वेगळे शब्द. युनिकोड सामान्यीकरणाचं तयार फंक्शनही त्यांना एक मानत नाही. मराठीपुरतं हे आपणच सांगावं लागतं.

१
डबा. बाईंनी तोवर गुऱ्हाळ, चऱ्हाट, तऱ्हा अशी यादी पाठवली. सगळे बेपत्ता.

२
फाइलमधले शब्द बदलणं सोपं होतं. पण उद्या एखाद्या वाचकाचा कीबोर्ड जोडचिन्हवाला ‘र्‍’ देईल, आणि आम्ही तिथेच येऊ. म्हणून ‘शोधकळ’ नावाचं छोटं फंक्शन लिहिलं: दोन्ही रूपांचं एकच रूप करणारं. वाचकाचा शब्द त्यातून जातो, शीर्षशब्दही. निकाल बरोबर आला, पण रखडत. दर शोधाला प्रत्येक नोंदीवर फंक्शन चालत होतं, इंडेक्स नुसता पडून. तेव्हा कळ आधीच काढून प्रत्येक नोंदीवर अॅट्रिब्यूट म्हणून लिहून ठेवली. तरीही रखडणं संपेना. बदलानंतर इंडेक्स जुना झाला होता. ऑप्टिमाइझ चालवल्यावर शोध चुटकीसरशी यायला लागला.

४.१५
जाता जाता ‘ळ’. युनिकोडच्या क्रमाने तो ‘ल’नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. क्रम लावण्याच्या कलमात मराठीचं कोलेशन दिलं.

५.३०
बाईंना फोन लावला. शोधपेटी मुखपृष्ठावर, नोंदीच्या पानावर आणि अक्षरसूचीत अशी तीन ठिकाणी आहे. तिन्हीकडून बघा म्हटलं, कारण मी दुरुस्ती एकाच ठिकाणी केली होती. पलीकडून कळांचा आवाज येत राहिला. “वऱ्हाड आलं. गुऱ्हाळ आलं. चऱ्हाट...” आणि मग बराच वेळ काही नाही. काय झालं, विचारलं.

“काही नाही हो, अर्थ वाचत बसले.”