बिनबापाच्या घराण्यातले मुलगे

मिठागराच्या कोंडीतलं पाणी उन्हानं आटतं, मिठाचे दाणे धरायला लागतात, आणि माशांचा तिथं टिकाव लागत नाही. आर्टेमिया मात्र त्याच पाण्यात मजेत पोहत असतो, तेही उताणा. जेमतेम एक सेंटिमीटर लांब, आरपार दिसेल असं अंग, आणि सतत हलणाऱ्या पायांच्या ११ जोड्या. हा कोळंबी-खेकड्यांचा लांबचा भाऊबंद. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही त्याची नोंद झालेली आहे. त्याची अंडी वर्षानुवर्षं कोरडी, धुळीसारखी पडून राहतात; खारं पाणी मिळालं की दिवसाभरात पिल्लं बाहेर.

अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये आर्टेमियाचे नर-मादी दोन्ही आहेत. नराच्या डोक्याला पकडीसारखे आकडे असतात, त्यांनी मादीला धरून तो तिच्याबरोबर पोहत राहतो. युरोप-आशियातल्या कित्येक खाऱ्या तळ्यांत मात्र नुसत्या माद्याच. त्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यांतूनही माद्याच निघतात.

तरीही क्वचित एखादा नर निघतोच. तो येतो कुठून?

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. आर्टेमियात, कोंबड्यांप्रमाणेच, ते आईकडून ठरतं. मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी जोडी, तर नराकडे दोन्ही झेड. एकटी मादी अंडं घडवताना ही जोडी फुटू देत नाही, म्हणून लेकही झेड-डब्ल्यूच. पण अंडं घडताना गुणसूत्रं पत्ते पिसावेत तशी आपसात तुकडे बदलतात, आणि या माद्यांची ती जुनी खोड पुरती सुटलेली नाही. कधीतरी ही अदलाबदल लिंग ठरवणाऱ्या भागालाच कवेत घेते. अंड्याच्या वाट्याला दोन्हीकडून झेडचाच भाग येतो आणि बापाविना मुलगा जन्मतो.

हा नर नुसता नावापुरता नसतो. जोडीनं प्रजनन करणाऱ्या जवळच्या जातीतल्या मादीशी त्याचं जमतं, आणि पुढच्या पिढ्यांतल्या काही माद्या एकट्यानंच अंडी घालू लागतात. ऑस्ट्रियाच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी असाच एक नर घेऊन त्याच्या वंशाचा माग काढला. त्यांचा शोधनिबंध २०२२ साली आला. नराशिवाय प्रजनन करण्याची किल्ली, निदान काही अंशी, झेड गुणसूत्रावरच असावी असं त्यांना दिसलं. झेड-डब्ल्यू जोडीतला एक छोटा भाग त्यांनी तपासलेल्या सगळ्याच वंशांत सापडला, मग ते जोडीनं वाढणारे असोत की एकट्या माद्यांचे. म्हणजे ही गुणसूत्रं वंश वेगळे होण्याआधीची. पुढे त्या भागाभोवतीची अदलाबदल अमेरिकी आणि युरेशियाई शाखांत आपापल्या वाटेनं बंद पडत गेली.

नरावाचून चालवायचा हा गुण दुसऱ्या कुळात न्यायचा, तर माद्यांचा उपयोग नाही. त्यांना जोडीदार लागतच नाही. ते काम अवचित जन्मलेल्या मुलग्यांनाच करावं लागतं.