पाण्यातला सोमल

सोमल हे नाव आपल्या जुन्या पिढीला चांगले परिचित आहे. उंदीर मारण्याचे जहाल विष म्हणून लोक त्याला ओळखत. सोमलात जे मूळ द्रव्य असते त्यास आर्सेनिक म्हणतात. पोटात एकदम गेले तर ते प्राण घेऊ शकते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पिण्याच्या पाण्यातून तेच विष थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात गेले तर काय होते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

बांगलादेशात पूर्वी लोक तळ्यांचे पाणी पीत. हगवण, पटकी यांनी मुले दगावत. म्हणून १९७० च्या दशकापासून सरकार व युनिसेफ यांच्या प्रोत्साहनाने गावोगाव हापसे बसले. पुढे लोकांनी स्वखर्चानेही लाखो हापसे बसवले. पाणी स्वच्छ दिसे, थंड लागे. पण हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली प्राणवायू नसतो. तेथे सूक्ष्मजीवांच्या क्रियेने हे लोह विरघळते आणि आर्सेनिक पाण्यात उतरते.

पश्चिम बंगालमधील असे रुग्ण १९८३ मध्ये कलकत्त्याच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी ओळखले. बांगलादेशात १९९३ मध्ये पाण्यातील आर्सेनिक सिद्ध झाले. पुढे बिहार, उत्तर प्रदेश, आसाम येथेही ते आढळले. आपल्या राज्याच्या सीमेजवळ, छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरातही खडकातील आर्सेनिक पाण्यात उतरलेले आहे. तेव्हा हा प्रश्न दूरच्या बंगालचा म्हणून सोडून देता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एक लाख लिटर पाण्यात फक्त एक ग्रॅम! या विषाला रंग, वास, चव काही नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

लक्षणे बहुधा काही वर्षांनी दिसतात. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके येतात, तळहात-तळपाय जाड व खरखरीत होतात. पुढे त्वचा, फुफ्फुस, मूत्राशय यांचा कर्करोग होऊ शकतो. गर्भावरही अनिष्ट परिणाम होतो.

याहून दुःखाची गोष्ट अशी की, हा रोग संसर्गजन्य नसताना अनेक ठिकाणी लोकांनी रुग्णांना दूर लोटले. मुलींची लग्ने अडली, नांदत्या स्त्रियांना माहेरी धाडले गेले. अज्ञानाने विषात ही भर घातली.

बांगलादेशात हापसे तपासून दूषित हापशांना लाल आणि सुरक्षित हापशांना हिरवा रंग दिला गेला. अगदी शेजारच्या दोन हापशांतही फरक असतो, म्हणून प्रत्येकाची तपासणी हवी. सुरक्षित पाणी वेळीच मिळाल्यास सुरुवातीची लक्षणे कमी होऊ शकतात. वाचकांनी आपल्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि अशा रुग्णाच्या घरचा पाहुणचार टाळू नये, एवढीच आमची विनंती आहे.